जॉर्जियात कुणी घरी जेवायला बोलावलं तर...

पहिल्या खेपेला मी जॉर्जियाला (अमेरिकेतलं राज्य नव्हे, कॉकेशस डोंगरांतला देश) गेले तेव्हा तेलावीजवळच्या एका खेड्यात रस्ता चुकले. फाटकापाशी एक आजी उभ्या होत्या. परतीची गाडी कुठून सुटते ते मी त्यांना खाणाखुणा करून विचारलं. त्यांनी उत्तर दिलंच नाही. हाताला धरून आत नेलं, अंगणातल्या द्राक्षाच्या मांडवाखाली बसवलं आणि पाच मिनिटांत समोर गरम पाव, चीज, टोमॅटो-काकडी आणि वाटीभर अक्रोड आणून ठेवले. मी आपल्या सवयीने "कशाला उगाच त्रास" अशा चेहऱ्याने दोन घास खाल्ले, घोटभर पाणी प्याले आणि अर्ध्या तासात उठले. आजींचा चेहरा उतरला. त्यांच्या घरचं मीठ-भाकर मला नकोसं झालं, असंच त्यांना वाटलं असणार. मला वाटत होतं की मी त्यांचा त्रास वाचवतेय.

त्यानंतर मी तिथे तीनदा जाऊन आले. पाहुणचार करणं जसं शिकावं लागतं तसं पाहुणचार घेणंही शिकावं लागतं, हे मला या देशात कळलं. आता आपल्याकडचे बरेच लोक जॉर्जियाला जातात. तिबिलिसीत डॉक्टरकी शिकायला गेलेली हजारो भारतीय मुलं आहेत, त्यांत मराठी मुलंही आहेत आणि त्यांना भेटायला आईवडीलही जातात. त्या सगळ्यांसाठी, आणि पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी, हे क्रमाने लिहितेय.

निघण्याआधी

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. भारतीय पासपोर्टवर जॉर्जियाचा ई-व्हिसा मिळतो. अमेरिका, शेंगेन किंवा आखाती देशांचा चालू व्हिसा अथवा रहिवासी परवाना असेल तर बहुतेकदा वेगळा व्हिसा लागत नाही. हे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडून पाहा. परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग आणि प्रवास विमा कागदावर छापून जवळ ठेवा. "गावात कुणीतरी ठेवून घेईल" हे खरं असलं तरी इमिग्रेशनच्या खिडकीत ते उत्तर चालत नाही.

राहायला हॉटेलऐवजी घरगुती गेस्टहाऊस निवडा. घरच्यांनी दोन-तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढलेल्या असतात आणि स्वयंपाकघर एकच असतं. काखेती प्रांतातलं सिग्नागी किंवा तेलावी, इमेरेतीतलं कुताइसी, उत्तरेला डोंगरात स्तेपानत्समिंदा, स्वानेतीतलं मेस्तिया, अशा सगळ्या गावांत अशी घरं सापडतात. मेस्तिया ते उश्गुली हा चार दिवसांचा पायी प्रवास तर रोज एका गावात मुक्काम, रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी असाच होतो. घरी बोलावणं येण्याची सुरुवात बहुतेकदा इथूनच होते. गेस्टहाऊसच्या बाईंची जाऊ, तिचा शेजारी, त्याचा मामा, अशी ती साखळी पुढे सरकते.

वेळ निवडता येत असेल तर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत काखेतीत जा. तेव्हा द्राक्षांची तोडणी चालू असते. तिला ते र्त्वेली म्हणतात. आपल्याकडे सुगीत जसं सगळं घर रानात असतं तसंच. या दिवसांत पाहुण्याच्या हातात कात्री आणि बादली देतात. संकोच न करता घ्या. दोन तास तोडणीला हात लावलात की संध्याकाळच्या पंगतीला तुम्ही परके राहत नाही.

नेण्याच्या वस्तू हलक्या असाव्यात आणि त्या तुमच्या गावच्या असाव्यात. लोणावळ्याची चिक्की, कोकणातले काजू, चहाचा मसाला, वारली चित्राची पिशवी. चिक्की तिथे फार आवडते, कारण तिळाची नाही पण अक्रोड आणि मधाची चिक्की त्यांच्याकडेही असते. नवीन वर्षाला ती करतात आणि तिला गोझिनाकी म्हणतात. दोन्ही चिक्क्या एका ताटलीत ठेवल्या की बोलण्याला विषय मिळतो. फुलं न्यायची असतील तर विषम संख्येत न्या. सम संख्येतली फुलं मयताला नेतात.

आणि डझनभर शब्द पाठ करा. "गामार्जोबा" म्हणजे नमस्कार. त्या शब्दाच्या पोटात "विजय" आहे. "मादलोबा" म्हणजे आभार. "गेम्रिएलिया" म्हणजे चवदार आहे, आणि हा शब्द जेवताना निदान तीनदा म्हणा. "साकमारिसिया" म्हणजे पुरे. एक गंमत आधीच माहीत असू द्या: तिथे आईला "देदा" म्हणतात आणि वडिलांना "मामा". यजमानांची लेक वडिलांची ओळख "मामा" म्हणून करून देईल तेव्हा गोंधळू नका. चाळिशीच्या पुढच्यांना रशियन येतं, तरुणांना इंग्रजी. तुम्हाला रशियन येत असलं तरी पहिला शब्द जॉर्जियनच काढा. त्यांची लिपी वेगळी, स्वतःची, तेहतीस अक्षरांची आहे आणि तिचा त्यांना फार अभिमान आहे. स्वतःचं नाव त्या लिपीत लिहायला शिकून गेलात तर घरातली मुलं लगेच जवळ येतात.

बोलावणं कुठलं, ते ओळखा

गेस्टहाऊसमध्ये तुम्ही पैसे देऊन राहता. तिथे खोलीचा आणि जेवणाचा दर पहिल्या दिवशीच विचारून घ्या, त्यात भीड नको. घरची वाईन बहुतेकदा जेवणासोबत तशीच देतात, तरी विचारलेलं बरं. डोंगराळ गावांत रोख लारी (तिथलं चलन) जवळ ठेवा.

घरी बोलावणं आलं की सगळं बदलतं. तिथे पैशाचं नाव काढायचं नाही. नोट टेबलावर ठेवणं, मुलाच्या खिशात कोंबणं, "किमान बाटलीचे तरी घ्या" म्हणणं, यातलं काहीही करू नका. आपल्या आजोळी जेवून उठल्यावर कुणी पाकीट काढलं तर आजीला काय वाटेल, तेच त्यांना वाटतं. "स्तुमारी घ्वतिसाआ", म्हणजे पाहुणा देवाचा, असं तिथे म्हणतात. अतिथीला देव मानायचं हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे, म्हणून आपल्याला हे लगेच समजल्यासारखं वाटतं. पण समजणं वेगळं आणि स्वतः तो देव होऊन चार तास बसणं वेगळं.

सावधपणाही हवा. बोलावणाऱ्याच्या घरात बायका-मुलं आहेत का, शेजारी त्याला ओळखतात का, ते पाहा. जाताना आपल्या गेस्टहाऊसमध्ये कुणाकडे चाललोय ते सांगून ठेवा, त्यांना नाव ऐकूनच माणूस कळतो. एकट्या बाईने जायचं असेल तर सुरुवात दुपारच्या जेवणापासून करावी, असं माझं मत आहे. शहरात रस्त्यावर ओळख काढून "चल, या बारमध्ये बसू" म्हणणारा माणूस या पाहुणचारात बसत नाही. तिथे बिल कुणाच्या नावावर फाटेल ते सांगता येत नाही. सरळ नाही म्हणा. अडचणीला ११२ हा नंबर आहे.

फाटकापाशी

गावात कुंपणाचं फाटक उघडून थेट आत शिरू नका. डोंगरात मेंढपाळांचे दांडगे कुत्रे असतात, आणि तसंही ते रीतीला धरून नाही. बाहेरूनच "मास्पिंद्झेलो!" अशी हाक मारायची जुनी पद्धत आहे. यजमान हो, अशी ती साद. आतून "मोब्रद्झांदित" ऐकू आलं की आत जायचं. "यावं, यावं" या आपल्या शब्दांतलं सगळं मार्दव त्यात आहे. बूट काढायचे की नाही ते घरच्यांच्या पायांकडे पाहून ठरवा. काही घरी सपाता पुढे करतात, काही घरी नको म्हणतात.

घरातल्या सगळ्यांत वयस्क माणसाला आधी भेटा. आजीला "बेबिया" म्हणतात. बेबिया गालाचा मुका घेईल आणि म्हणेल, "गेनात्सवाले". या शब्दाचा अर्थ मला एका शिक्षिकेने समजावला: तुझ्यावरचं संकट माझ्यावर येवो, तुझ्या जागी मी. आपली आजी कानशिलावर बोटं मोडून "इडापिडा टळो" म्हणते, तेच. पुढे दिवसभर हा शब्द ऐकू येत राहतो. भाजीवालीही म्हणते. पण दारात उभं राहून पहिल्यांदा ऐकताना मला रडू आलं होतं, हे सांगायला हवं.

ताटातलं शाकाहारी, आणि न दिसणारं मांस

इथे मी जरा थांबणार आहे, कारण मराठी प्रवाशाचे निम्मे प्रश्न हेच असतात.

पहिलं म्हणजे बोलावणं स्वीकारतानाच सांगा, ताटावर बसल्यावर नाही. "खोर्त्स आर व्चाम", मी मांस खात नाही. तेवढ्यावर थांबू नका, कारण काही घरी कोंबडी आणि मासे मांसात धरत नाहीत. सगळ्यांत उपयोगी शब्द आहे "सामार्ख्वो", म्हणजे उपवासाचं. जॉर्जियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपवासात, आणि पाळणारे लोक एरवीही बुधवारी-शुक्रवारी, मांस, अंडी, दूध-दुभतं सोडतात. त्यामुळे प्रत्येक बाईला उपवासाचा अख्खा स्वयंपाक पाठ असतो. "मी शाकाहारी आहे" ऐकून तिला प्रश्न पडतो, "सामार्ख्वो" ऐकल्यावर काय रांधायचं ते तिला लगेच कळतं.

आणि तो स्वयंपाक आपल्या तोंडाला परका नाही. लोबिओ म्हणजे मातीच्या भांड्यात शिजवलेला राजमा. कोथिंबीर घातलेला, कधी अक्रोड घातलेला. त्याबरोबर म्चादी, म्हणजे मक्याची जाड भाकरी. तव्यावरची म्चादी मोडून लोबिओत बुडवली की मला कोल्हापूरकडच्या शेतावरचं जेवण आठवतं. बद्रिजानी म्हणजे तळलेल्या वांग्याच्या कापांत लसूण घातलेलं अक्रोडाचं वाटण गुंडाळून वर डाळिंबाचे दाणे. फ्खाली म्हणजे उकडलेला पालक किंवा बीट चिरून, त्याच वाटणात मळून केलेले गोळे. आजाप्सांदाली ही वांगं, टोमॅटो, ढोबळी मिरचीची भाजी. लोबियानी म्हणजे राजमा भरलेली पोळी. पुरणपोळीसारखी भरतात, फक्त तिखट-मिठाची. मसाल्यात धणे असतात, मेथीच्या जातीची एक निळ्या फुलांची वनस्पती असते, आणि झेंडूच्या वाळवलेल्या पाकळ्यांची पूड असते. दसऱ्याला दाराला लावतो ते फूल पोटात जातं, हे कळल्यावर मी त्या पुडीची पिशवी घेऊनच परतले. आंबट आलुबुखारांची त्केमाली नावाची चटणी तर मी नुसती चाटून खाते.

आता जपायचं काय. सात्सिवी नावाचा पांढरट, अक्रोडाचा दाट रस्सा दिसायला सात्त्विक, पण आत कोंबडी किंवा टर्की असते. स्वानेतीत कुब्दारी नावाची भरलेली पोळी बाहेरून खाचापुरीसारखीच, म्हणजे चीज भरलेल्या पोळीसारखीच, दिसते. आत मांस असतं. लोबिओत कधी कधी डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात. खिंकाली, म्हणजे मोदकासारख्या चुण्या घातलेला उकडलेला प्रकार, मूळचा मांसाचा. बटाट्याचा, चीजचा, अळंब्यांचाही मिळतो, पण विचारून. अजारुली खाचापुरीवर कच्चं अंडं फोडतात. जे काटेकोर शाकाहारी किंवा जैन आहेत त्यांनी हेही ध्यानात घ्यावं की पारंपरिक चीजचं विरजण वासराच्या जठरातून येतं. हा मुद्दा ताटावर बसून काढू नका. घरी ठरवून जा आणि "सामार्ख्वो"च मागा, म्हणजे चीज आपोआप वगळलं जातं.

वाढण्याचं गणित मात्र आपलंच. ताटली रिकामी दिसली की ती भरली जाते. म्हणून ज्यांना पोट सांभाळायचं आहे त्यांनी थोडं ताटात राहू द्यावं. एकदम सगळे पदार्थ घेऊ नका. जेवण दोन तासांत संपत नाही, गरम ताटल्या येतच राहतात आणि आधीच्या ताटल्या काढण्याऐवजी त्यांच्यावर रचल्या जातात. पहिल्या वीस मिनिटांत जो पोटभर जेवला तो फसला. आणि "नको" हा शब्द पहिल्यांदा म्हटलेला तिथेही कुणी खरा मानत नाही. आग्रहाच्या पंगतीत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागू नये, तरी परदेशात गेल्यावर आपण इंग्रजी शिष्टाचाराने वागू लागतो आणि आजींना दुखावतो. मी दुखावलं होतं.

सुप्रा: मेजवानी, आणि तमादाचं ऐकणं

मोठ्या जेवणाला सुप्रा म्हणतात आणि सुप्राला एक प्रमुख असतो, तमादा. वाईन आहे म्हणून जो तो आपला पेला उचलून पितोय असं इथे नसतं. तमादा उठतो, बोलतो, मग सगळे पितात. मध्ये मध्ये घोट घेत बसणं बरं दिसत नाही. पेला भरायचं कामही ठरलेल्या माणसाकडे असतं. तुम्ही फक्त ऐकायचं, आणि शेवटी सगळ्यांबरोबर म्हणायचं, "गाउमार्जोस!" जय असो.

या बोलण्याला "सादघेग्रद्झेलो" म्हणतात. शब्द अवघड आहे पण फोड सुंदर आहे: त्यात "दिवस" आहे आणि "लांब" आहे. आयुष्याचे दिवस लांबोत. आपण औक्षण करतो त्या शब्दातही आयुष्यच आहे. म्हणून सुप्राला दारूची मैफल समजून जाऊ नका. निरांजनाच्या जागी पेला आहे, असं समजून बसलात तर वागणं आपोआप बरोबर होईल.

क्रम घरोघरी बदलतो. साधारणपणे आधी देव आणि शांतता, मग देश, मग आईवडील, पाहुणे. गेलेल्यांचं स्मरण नेहमी असतं. त्या वेळी काही जण पावाच्या तुकड्यावर वाईनचे दोन थेंब सांडतात. आपण पानाबाहेर घास काढून ठेवतो, त्यामुळे मला ते कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्या स्मरणानंतर बहुतेकदा लगेच मुलांच्या नावाने, जगण्याच्या नावाने पेला उचलतात. स्मरण चालू असताना फोटो काढू नका, फोन पालथा ठेवा.

मग कधीतरी तमादा तुमच्याकडे वळेल आणि म्हणेल, "आलावेर्दी!" म्हणजे या विषयावर आता तुम्ही बोला. नवखा माणूस इथेच गडबडतो. मी सांगते, याची तयारी उखाण्यासारखी करा. लग्नघरी "नाव घे" म्हटल्यावर जिने घरूनच उखाणा पाठ करून आणलाय ती अडखळत नाही. तीन-चार वाक्यं पुरतात, पण ती खरी असावीत: या घरात आज काय पाहिलं, कुणाची आठवण आली, घरासाठी काय मागणं आहे. मराठीत बोललात तरी चालेल. मी एकदा संपूर्ण मराठीत बोलले, कुणालाही एक अक्षर कळलं नाही आणि बेबियाने डोळे पुसले.

आपल्याकडून जाणाऱ्याजवळ सांगण्यासारखी एक गोष्ट मात्र खास आहे. काखेतीची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणातल्या शिराझमध्ये तिथल्या शाह अब्बासच्या हुकमाने हालहाल करून मारलं, कारण तिने ख्रिस्ती धर्म सोडला नाही. तिथे असलेल्या ऑगस्टीनियन पंथाच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी तिच्या अस्थींचा भाग गोव्यात आणला. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या मठात तो पुरला होता. मठ पडला, आणि आज तिथे उंच मनोऱ्याचा अर्धा भाग आणि भग्न भिंती उभ्या आहेत. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात हाडं सापडली, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली, आणि जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी तिबिलिसीत त्या अवशेषांचा एक भाग जॉर्जियाच्या हवाली केला. जॉर्जियन चर्च तिला संत मानतं. "आमच्या शेजारच्या गोव्याने तुमची राणी जवळजवळ चारशे वर्षं सांभाळली," एवढं एक वाक्य मी काखेतीतल्या एका पंगतीत म्हटलं आणि सगळे उभे राहिले. जाण्याआधी शक्य असेल तर जुन्या गोव्यात ती जागा पाहून जा, फोनमध्ये फोटो ठेवा. याहून मोठी भेट तुम्ही नेऊ शकत नाही.

जुन्या पिढीकडे आणखी एक धागा आहे, राज कपूर. सोव्हिएत काळात त्यांनी ते सिनेमे थिएटरांत पाहिलेत. आजोबा गाणं म्हणायला लागले तर तुम्ही पुढची ओळ म्हणा. एरवीही तुम्हाला गायला सांगतीलच. जॉर्जियन लोक तीन वेगळ्या सुरांत एकत्र गातात. त्या गायनाला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान आहे, आणि घरच्या टेबलाशी, ताटल्या बाजूला सारून बसलेले तीन भाऊ जेव्हा ते गातात तेव्हा अंगावर काटा येतो. तुम्ही एखादा अभंग, एखादी ओवी म्हणा. आवाजाची काळजी कुणालाच नसते.

न पिणाऱ्यांचं काय? हे सगळ्यांत जास्त विचारलं जातं. पीत नसाल तर पहिल्या पेल्याच्या आधी सांगा: "आर व्सवाम", मी पीत नाही. औषध चालू आहे, गाडी चालवायची आहे, धर्मात चालत नाही, यातलं जे खरं असेल ते कारण सांगा. मग तुमच्या पेल्यात फळांचं सरबत किंवा तारखूना नावाचं हिरवंगार, फसफसतं गोड पेय येईल. पण पेला उचला. प्रत्येक सादघेग्रद्झेलोला उचला, बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाहा आणि "गाउमार्जोस" म्हणा. पेल्यात काय आहे यापेक्षा तुम्ही उभे राहिलात का, हे तिथे पाहिलं जातं. अर्ध्यावर "आता नको" म्हणणं मात्र कठीण, कारण एकदा प्यायलात की तुम्ही पिणारे ठरता.

पिणाऱ्यांनी दोन गोष्टी सांभाळाव्यात. घरची वाईन मऊ लागते आणि हळू चढते. जमिनीत पुरलेल्या क्वेव्री नावाच्या मातीच्या रांजणांत ती मुरवतात (या पद्धतीला २०१३ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली, आणि त्या भूमीत वाईन करण्याची परंपरा सुमारे आठ हजार वर्षांची आहे). प्रत्येक पेला तळापर्यंत संपवायला हवा असं नाही, घोट घेऊन ठेवलेला चालतो. अपवाद कांत्सी, म्हणजे शिंगाचा पेला: तो टेबलावर उभा राहत नाही, म्हणून भरलेला हातात आला की रिकामाच खाली ठेवावा लागतो. नको असेल तर आधीच हात जोडा. आणि चाचा नावाची जी पाण्यासारखी स्वच्छ दारू सकाळी न्याहारीलाही पुढे येते, ती फार कडक असते. एकच, छोटा.

टाळायचे विषय: रशिया, जॉर्जियापासून तुटलेले अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया हे प्रदेश, रशियाशी झालेलं २००८ चं युद्ध, आणि मूळचा जॉर्जियन असलेला स्टालिन. ते स्वतः काढतील तर ऐका. कितीतरी घरांतला कुणी ना कुणी त्या प्रदेशांतून घर सोडून आलेला आहे. तुमचं मत त्या टेबलावर कुणाला नको असतं, ऐकणारा माणूस हवा असतो.

तिबिलिसीच्या टेकडीवर "कार्तलिस देदा", म्हणजे कार्तलीची (थोडक्यात जॉर्जियाची) आई, हा मोठा पुतळा आहे. तिच्या एका हातात मित्रांसाठी वाईनचं पात्र आणि दुसऱ्या हातात शत्रूंसाठी तलवार आहे. सुप्राला जाण्याआधी एकदा तिच्या पायाशी जाऊन या.

उठताना, आणि परतल्यावर

घाईने उठू नका. जायचं असेल तर अर्धा तास आधी तमादाच्या कानावर घाला. तो शेवटचं बोलणं करेल, तमादासाठी कुणीतरी पेला उचलेल, मग उठायचं. स्वयंपाकघरात जाऊन रांधणाऱ्या बाईंचे वेगळे आभार माना. कित्येकदा त्या टेबलाशी फारशा बसलेल्याच नसतात, आणि आभार सगळे पुरुषांच्या वाट्याला जातात. मला हे तिथेही खटकतं आणि इथेही. ताटल्या उचलायला हात लावा. एकदा नको म्हणतील, दुसऱ्यांदा लावू देतील.

निघताना हातात काहीतरी दिलं जाईल. चुर्चखेला असेल, म्हणजे दोऱ्यात ओवलेले अक्रोड द्राक्षाच्या घट्ट रसात बुडवून वाळवलेली कांडी. ही महिनाभर सहज टिकते. नाहीतर प्लास्टिकच्या बाटलीत घरची वाईन असेल. घ्या. वाईन सामानात कपड्यांत गुंडाळून टाका, हातातल्या बॅगेतून विमानात नेऊ देत नाहीत.

घरी परतल्यावर एक काम नक्की करा. काढलेले फोटो कागदावर छापा. मोबाइलवर पाठवलेला फोटो त्यांची मुलं पाहतात, पण बेबियाला भिंतीवर लावायला कागद लागतो. तुमच्या गेस्टहाऊसवाल्या बाईंना विचारून कुणी त्या बाजूला जाणारं असेल त्याच्याबरोबर पाठवा.

माझ्या त्या पहिल्या आजींचा फोटो मी असाच साताऱ्याच्या एका जोडप्याबरोबर पाठवला. त्यांना बजावून सांगितलं होतं की नुसता देऊन निघू नका. ते संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्या फाटकापाशी पोहोचले. त्यांचा मेसेज मला आला तेव्हा इकडे रात्रीचा दीड वाजला होता, म्हणजे तिकडे बारा. लिहिलं होतं: फोटो दिला, आजींनी तो देव्हाऱ्याजवळ ठेवलाय, शेजारचे दोघे जण आलेत, आणि लोबिओची दुसरी हंडी आत्ता चुलीवरून उतरली.